शिबं की ते दुसरं

माझ्या मानेवरचा पहिला फिका डाग आईला दिसला तो वेणी घालताना. तिचा हात थांबला, आणि त्या दिवशी घरात जी भीती शिरली ती उन्हाळाभर हलली नाही. आई मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "शिबं दिसून राहिलं." शेजारच्या छत्तीसगढी काकूंनी येऊन बघितलं आणि मान डोलावली, "हव, सेहुआ आय." दोघींनी दोन नावं दिली. तिसरं नाव कुणी घेतलं नाही.

तिसरं नाव कोड. ते पापांना होतं. मला आठवतंय तेव्हापासून त्यांची बोटं, ओठ आणि डोळ्यांभोवतीची कातडी पांढरीच. रेल्वेच्या मालधक्क्यावर त्यांची नोकरी, रायपूरच्या गुढियारीत आमचं घर, आणि त्या घरात या शब्दाला बंदी. आई 'ते' म्हणायची. नागपूरकडचे नातेवाईकही 'ते'च म्हणायचे, फक्त आवाज खाली आणून. आता माझ्या मानेवर शिबं असेल तर ते औषधानं जाणार होतं, आणि 'ते' असेल तर पापांचं माझ्यात उतरलं होतं. जेवताना आम्ही तिघंही याच विचारात असायचो आणि भाजीत मीठ कमी की जास्त यावर बोलायचो.

मी नुकतीच मंत्रालयात कॉम्प्युटरवर टायपिंगला लागले होते. छत्तीसगढ राज्य नवं, राजधानी नवी, आणि मंत्रालय मात्र एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत. जिथे पूर्वी रोगी तपासत, तिथे बसून मी फायली टाइप करायची आणि पाणी प्यायच्या निमित्तानं उठून बाथरूमच्या आरशात मान वाकडी करून बघायची. डाग वाढत होते. मानेवरून खांद्यावर, खांद्यावरून पाठीवर. दोन डागांच्या कडा मिळाल्या की मी मनाशी म्हणायची, झालं, हे तेच.

आईचा उपाय ठरलेला होता. रोज संध्याकाळी करंजाचं तेल, तेही चोळून चोळून. आणि झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून रायपूरच्या मे महिन्यात मला गळाबंद, पूर्ण बाह्यांचे कुर्ते. मी वैतागून म्हणायची, "आई, गर्मी में मर जाऊँगी मैं."

"मर, पण कोणाले दिसू देऊ नको," ती म्हणायची, आणि आणखी तेल ओतायची.

पापांनी आपला साबण वेगळा केला. टॉवेल अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला वाळत घालू लागले. माझ्या ताटातली पोळी मोडून खायची त्यांची सवय होती, ती गेली. हे असं कुणाला लागत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आईला इतक्या वर्षांत कुठे काय झालं होतं? तरी ते माझ्यापासून सरकून बसायचे, आणि मला त्याचाच सगळ्यात जास्त धसका बसला.

शेवटी चौबे कॉलनीतल्या एका चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पापा खालीच थांबले, समोरच्या पानठेल्यापाशी. "मी नाही येत. तिनं मले पाहिलं, का पोट्टीचं न तपासताच ठरलं समजा."

वर डॉक्टरीणबाईंनी तेच विचारलं. "घर में किसी को सफेद दाग?"

"नहीं नहीं, किसी को नहीं," आई घाईनं म्हणाली. पानठेल्यापाशी उभा असलेला तो माणूस खिडकीतून खाली दिसत होता. मला इतका संताप आला की आवाजच चढला. "पापा को है." आईनं पदर नीट करायला घेतला.

बाईंनी काचेच्या पट्टीनं डाग खरवडला. बारीक कोंडा सुटला. तो त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितला आणि हसल्या. सफेद दागातून असा कोंडा सुटत नाही, म्हणाल्या. आईचं शिबं, काकूंचं सेहुआ आणि त्यांच्या पुस्तकातलं पिटिरियासिस व्हर्सिकलर एकच. जुने डॉक्टर याला टिनिया म्हणत, म्हणजे नायटा-गजकर्णाच्या कुळात घालत. पुढे कळलं की ही बुरशी त्या कुळातली नाहीच. ही यीस्ट, मॅलासेझिया नावाची, बहुतेक सगळ्यांच्या अंगावर गुपचूप राहणारी. घाम आणि तेल मिळालं की माजते.

मग त्यांनी विचारलं, "तेल लगाती हो क्या?"

आईचा चेहरा उतरला. रोज संध्याकाळी ती त्या बुरशीला मायेनं जेवू घालत होती, आणि वर कुर्त्यात कोंडून ठेवत होती. तेल बंद करा, सैल कपडे घालू द्या, औषधानं बुरशी जाईल, रंग परतायला मात्र काही महिने लागतील, असं बाईंनी सांगितलं. आईनं ते अर्धवटच ऐकलं. ती जिन्याकडे निघालीही होती.

रस्ता ओलांडता ओलांडताच ती पापांना म्हणाली, "देवानं वाचवलं हो. ते नाही निघालं. बुरशी हाय नुसती."

त्यांच्या तोंडावर असं बोलू नये, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. पापांच्याही आलं नाही. त्यांनी तिच्याकडे बघितलंच नाही, मला विचारलं, "म्हणजे माह्याकडून नाही आलं?"

"नहीं, पापा."

"पक्कं ना?"

"पक्का."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, पण हात काढले तर ते हसत होते, गाल ओले होते. पानवाल्याला ओळखदेख नसताना म्हणाले, "बिटिया ठीक है, भैया," आणि सगळ्यांना गोड पान लावायला सांगितलं. मला आईचा राग आला, त्यांचाही आला, आणि पान मी तसंच हातात धरून ठेवलं. माझ्या वडिलांना इतकं खूश मी कधीच पाहिलं नव्हतं. आणि कशावर खूश, तर आपली मुलगी आपल्यासारखी नाही यावर.