मुक्ताच्या फिक्या पेशी

माझ्या भाचीला, सहा वर्षांच्या मुक्ताला, सारखी गळवं व्हायची. प्रयोगशाळेतल्या बाईंनी आम्हाला सूक्ष्मदर्शकातून तपासणी दाखवली. तुलनेसाठी घेतलेल्या माझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी गर्द निळ्या झाल्या होत्या, तिच्या फिक्याच राहिल्या होत्या.

“माझ्या आळशी आहेत का?” मुक्तानं विचारलं.

“नाही गं!” बाई म्हणाल्या. “त्या धावत जातात, जंतूला गिळतातही. पण मारायला एक प्रथिन लागतं. फॉस्फेटचा इवलासा कण चिकटला की ते जागं होतं आणि या तपासणीत पेशी निळी होते. तुला ते प्रथिन जन्मतःच मिळालेलं नाही.”

हत्यार नसतानाही रोज लढायला धावणाऱ्या त्या पेशींना मी मनातल्या मनात हात जोडले.

एरवी कडू औषधाला रडणारी मुक्ता घरी येताच स्वतःच बाटली घेऊन आली.

“आत्या, लवकर दे. त्या एकट्याच लढतायत.”