दुसऱ्या दिवसाचे पाय

मॅरेथॉनच्या दुसऱ्या दिवशी मी जिना उलटी उतरते. वरच्या मजल्याकडे तोंड, दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरलेला, एकेक पायरी चाचपत. सरळ उतरायला गेलं की मांड्या साफ नाही म्हणतात. मुर्री गावातल्या आमच्या घराचा जिना बाहेरच्या बाजूला आहे, त्यामुळे सगळ्या गल्लीला हा तमाशा फुकटात बघायला मिळतो. समोरची बाई दरवर्षी न चुकता विचारते, "मॅडम, हो गया दौड़ना?" मीही न चुकता मान हलवते आणि मनातल्या मनात तिला चार शब्द सुनावते.

त्या दिवशी शाळेत रजा टाकलेली असते. बुटांच्या नाड्या पूर्ण काढायच्या, आतले तळ वेगळे करून गच्चीवर उन्हात ठेवायचे. बूट धुवायचे मात्र नाहीत. मग कोपऱ्यावरच्या ठेल्यावर तर्री घालून दोन प्लेटी पोहे. किती वेळात पळाले हे त्या दिवशी कुणाला सांगायचं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. आणि पोहे पोटात गेले की स्कूटी काढून दवनीवाड्याला, बाबांकडे.

सगळ्यात आवडता भाग हाच. पस्तिसाव्या किलोमीटरनंतर, पाय दगड झाले की, मला डोळ्यांपुढे शेवटची कमान नाही दिसायची, बाबांचं अंगण दिसायचं. ते चुलीवर पाणी तापवून ठेवत. त्यात मूठभर खडेमीठ. पाणी किती गरम ते कोपर बुडवून बघत आणि म्हणत, "टाक पाय." काळं पडलेलं नख बघून, "हे गेलं," एवढंच. मग मी खाटेवर बसायची आणि ते खाली बसून माझ्या पोटऱ्यांना टोरीचं तेल चोळायचे. मोहाच्या बियांचं हे तेल घट्ट आणि उग्र वासाचं असतं. दोन दिवस शाळेतली पोरं नाक मुरडतात. चोळता चोळता दरवर्षी तोच प्रश्न. "कोन मांगं लागलं होतं तुह्या? कायले एवढी धावतेस?"

बाहेरगावच्या एका मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा तिला ते फार विचित्र वाटलं. बापानं पोरीचे पाय चेपायचे? आमच्याकडे लेक म्हणजे देवीच. बाप सणाला तिच्या पाया पडतो, पण तिला आपल्या पायाला हात लावू देत नाही. लावला तर पाप बापाला. लहानपणी माझा हात चुकून त्यांच्या पायाला लागला की ते लगेच वाकून माझ्या पायांना हात लावत आणि तो कपाळाला नेत. मला हा मान तेव्हा फार आवडायचा. घरात कुणाचेही पाय चेपायची पाळी माझ्यावर कधी आली नाही.

मागच्या दिवाळीआधी बाबांना लकवा मारला. डावी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण कळायचं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की डावा पाय रोज दोनदा चोळायचा, घोट्यातून वाकवायचा, टाच दाबून धरायची. नाहीतर तो आखडेल आणि मग माणूस उभा राहायचा नाही. सुनेला पायाला हात लावायची मनाई नाही, म्हणून हे काम वहिनीकडे गेलं. मी मात्र रोज पहाटे दोन तास कालव्याच्या रस्त्यानं पळत होते. नागपूरची शर्यत जानेवारीत होती. दवनीवाड्याला स्कूटीनं अर्धा-पाऊण तास लागतो. जाता आलं असतं. पण मी स्वतःची समजूत घातली होती की गेले तरी बाबा कुठं हात लावू देणार आहेत. रिवाज असा वेळेला कामी येतो.

शर्यत झाली आणि यंदाही दुसऱ्या दिवशी मी गेले. उन्हाळी धानाचा रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, चालू होती. भाऊ आणि वहिनी सकाळपासून शेतातल्या बांधीत, चिखलात. घरी बाबा एकटेच, खाटेवर उशीला टेकून. मला लंगडताना बघून त्यांचा अर्धा चेहरा हसला.

"पानी नाही तापवलं मी," ते म्हणाले.

"राहू द्या न बाबा."

"तेल आहे तिथं. आन. पाय ठेव इथं."

मी खाटेच्या कडेला बसून पाय वर घेतला. उजव्या हातानं ते माझी पोटरी दाबायला लागले. हातात जोर नव्हता, बोटं नुसती फिरत होती. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. बघवेना म्हणून नजर वळवली, तर पांघरुणाबाहेर आलेला त्यांचा डावा पाय दिसला. टाच वर ओढली गेलेली, पंजा खाली झुकलेला, बोटं आत वळलेली. कातडी कोरडी, पांढरी पडलेली. त्या पायाला कितीतरी दिवसांत तेल लागलं नव्हतं.

"वहिनी चोळते न रोज?"

"चोळते न. रोज चोळते ते."

"बाबा, खोटं नोका सांगू."

ते म्हणाले, "रोवण्याचे दिवस आहेत, बाई. तिची कंबर मोडून राहिली. तिले कायले सांगू?"

वहिनीवर चिडायला मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. ती दिवसभर वाकून रोवत होती आणि मी बेचाळीस किलोमीटर हौसेनं पळून आले होते. पंजा वाकवून पाहिला असता तर हललाही नसता बहुधा. पाय किती दिवसांत आखडतो हे मला ठाऊक नव्हतं. एवढंच कळत होतं की या एका सोमवारच्या चोळण्यानं तो सरळ होणार नव्हता, आणि मंगळवारी मला शाळा होती.

मी तेलाची बाटली उचलली.

"नाही," बाबा म्हणाले. "लेकीनं हात नाही लावाव."

"डॉक्टर म्हणाले, बाबा—"

"डॉक्टरले का समजते? जाताजाता पाप नोको चढवू माह्यावर."

"मग पडून राहा असेच!" मी ओरडले. आजारी बापावर ओरडले. "मले देवी म्हणता आणि माझं एक ऐकत नाही!"

त्यांनी उजवा पाय झटकन पोटाशी ओढून घेतला. डाव्यालाही ओढायचा प्रयत्न केला. मांडी जराशी थरथरली, पाय जागेवरच राहिला. मी तो उचलून मांडीवर घेतला. थंड होता, आणि वाटला त्यापेक्षा खूप जड. बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "सोड, बाई, सोड," ते रडत म्हणत राहिले, आणि तो पाय त्यांना ओढून घेता येत नव्हता, त्याचाच फायदा घेऊन मी चोळत राहिले.