मामांचे भाडेकरू

ओरोसला आमचं दोन खोल्यांचं घर आहे. वडिलांनी सरकारी नोकरीत असताना बांधलेलं. ते गेल्यावर आई माझ्याकडे पुण्याला आली आणि आम्ही घर भाड्यानं दिलं. लातूरकडचं एक तरुण जोडपं राहायला आलं. नवरा तिथल्याच एका कचेरीत बदलून आलेला. देखरेखीला माझे मामा. ते जवळच, कसालला राहतात.

"तू कायएक काळजी करू नको गो," मामा म्हणाले, "मी आसंय मां."

थोड्याच दिवसांत भाडेकरूचा फोन आला. मागच्या दारचा नळ गळत होता. मी मामांना कळवलं आणि ते लगेच बसनं गेले. संध्याकाळी त्यांचा फोन आला तेव्हा आवाज फार गंभीर होता.

"गो बाय, परिस्थिती कठीण आसा."

पाइप फुटला की भिंत खचली, मला कळेना.

"तीं भाजयेत शेंगदाण्याचा कूट घालतत! घरात आडाळो सुद्धा नाय. नारळ खवतले कशान?"

"पण मामा, नळ?"

"नळाचा काय घेवन बसलंस? हंय माणसां उपाशी मरतली!"

दुसऱ्या दिवशी मामा आडाळा आणि गोणभर नारळ घेऊन तिथं हजर. पाठोपाठ सोलकढी शिकवायला मामी. भाडेकरूच्या बायकोनं त्याची परतफेड म्हणून मामींना शेंगदाण्याची चटणी शिकवली. ती खाल्ल्यावर मामांनी लातूरकरांना एकदम माफ करून टाकलं. मग ते रोजच जायला लागले. दुपारी तिथल्याच पडवीत आडवे व्हायचे. मी विचारलं तर म्हणाले, "मगे? घर राखूक नको?"

एकदा भाडेकरूचा पुन्हा फोन आला. मला वाटलं, आता बिचारा तक्रार करणार.

"ताई, आज मामा आले नाहीत हो. तब्येत बरी आहे ना?"

मी घाबरून मामांना फोन लावला. "बस चुकली," ते म्हणाले, "आत्ताच पोचलंय. चाय घेतंय."

नळाचं नाव कुणीच काढेना. शेवटी मी रजा टाकली आणि स्वतःच गाडीत बसले. ओरोसला पोचले तर घराला कुलूप. भाडेकरूला फोन केला, तर तो म्हणाला, "आम्ही मामांकडे आलोय. पूजा आहे ना!" मला कुणी बोलावलंच नव्हतं. बॅग घेऊन तशीच कसालला गेले.

पंगत बसलेली. भाडेकरू मामांच्या शेजारी, अगदी जावयाच्या पाटावर. मामी त्याला आग्रह करकरून वाढत होत्या. मला पाहून मामा खूश झाले. "तू कधी इलंस? बस, जेव!" शेजारी नव्यानं राहायला आलेल्या एका काकांनी विचारलं, "ह्यां कोण?"

मामा म्हणाले, "ही? ही आमच्या भाडेकरूंची घरमालकीण."

मी त्यांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी आहे, हे मलाच सांगावं लागलं. राग यायला हवा होता. पण मामी तोवर पानात दुसऱ्यांदा खीर वाढून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्लंबर घेऊन ओरोसला गेले. मागच्या दारी नळाखाली मामांनी अळू लावलं होतं. पानं सुपाएवढी. भाडेकरूची बायको नळाच्या पुढ्यात उभी राहिली.

"ताई, नळ बंद केला तर अळूनं काय करायचं?"

तिच्या मागे हाताची घडी घालून मामा उभे. प्लंबर वाकून पानं बघत होता. म्हणाला, "आळू बरो आसा हां." मामांनी त्याला जुडी बांधून दिली आणि तो पान्यांची पिशवी न उघडताच निघून गेला. मीही दुपारची गाडी पकडली.

पुढे भाडेकरूची वैभववाडीला बदली झाली. स्टेशनवर मामा एवढे रडले, की मामींना त्यांना बाकावर बसवावं लागलं. मग आठवडाही गेला नसेल, मामा स्वतःच गाडीत बसून वैभववाडीला गेले आणि तिथून त्यांनी मला फोन केला. आवाज पुन्हा गंभीर.

"गो, हंयचो घरमालक अगदीच बेजबाबदार. आपण मुंबैक ऱ्हवता आणि सगळा मेव्हण्याच्या भरवश्यार सोडलाहा. अशीं घरां चलतत?"

"नाही चालत, मामा," मी म्हटलं.

आता ते दर आठवड्याला तिकडे जातात. ओरोसचं घर सध्या रिकामंच आहे. नवा भाडेकरू बघायला मामांना सवड नाही.