हिरव्या गाडीतली दुसरी जागा

माझं आज जे काही बरं चाललं आहे ते माझ्या मामामुळे. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला मामा मला खालापूरला आपल्या घरी घेऊन आला आणि मी बी.ए. होईपर्यंत त्यानं मला स्वतःच्या मुलासारखं सांभाळलं. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. आता कर्जतला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतो, नेरळला राहतो, आणि कुणी विचारलं की सांगतो, मला मामानं शिकवलं.

मामाचं गॅरेज घराला लागूनच आहे. वर पत्रा, खाली तेलानं काळी झालेली जमीन. त्या जमिनीवर पाय ठेवायची मला बंदी होती. शाळेतून आल्यावर मी दारात घुटमळलो की मामा आतूनच ओरडायचा, "तू पुस्तक घे रं. हात काळे करायला घरात एक हाय, तेवढा पुरे." तो एक म्हणजे त्याचा मुलगा, माझा मामेभाऊ. आम्ही बरोबरीचे. त्याचं दहावीत मन लागेना म्हणून मामानं त्याला गॅरेजात घेतलं. मी पुढे शिकलो. लोकांना वाटायचं, तो मागे राहिला आणि मी पुढे गेलो. मला मात्र दारातून दिसायचं ते वेगळंच. बाप-लेक एकाच गाडीखाली झोपलेले असायचे, चार पाय बाहेर, आणि आतून हसण्याचा आवाज यायचा.

ही गोष्ट मी विसरलो असतो. पण ती गाडी आली.

कळंबला एका शेठजींचा शेतावर बंगला आहे. वयस्कर, मुंबईचे, एकटेच राहणारे. बंगल्यामागच्या गोठ्यात त्यांची तरुणपणीची गाडी कित्येक वर्षं पडून होती. इंग्लंडात बनलेली, दोनच माणसांची, बुटकी, लांब नाकाची, वर टप नसलेली. पाऊस आला तर ओढून घ्यायचं एक कापडी छप्पर, तेही उंदरांनी खाल्लेलं. शेठजींनी ती टेंपोत घालून मामाकडे पाठवली. उतरवली तेव्हा सीटखाली कोंबडीनं घातलेली अंडी निघाली.

"गाडी दुरुस्तीला आली का पोल्ट्री?" मामेभाऊ म्हणाला.

 मामा गाडीभोवती फिरत होता. मग त्यानं मला फोन केला. "भाचेबुवा, रविवारी ये. हिच्याबरोबर इंग्रजी पुस्तक आलंय. तूच वाचणार."

त्यानंतर माझे बरेच रविवार तिथे गेले. मी नेरळहून स्कूटरवर जायचो. मामी एक स्टूल फडक्यानं पुसून गॅरेजच्या दाराशी ठेवायची, काळी जमीन सुरू होते तिथे. मी त्यावर बसून वाळवीनं कडा खाल्लेलं ते जाडजूड पुस्तक मांडीवर घ्यायचो. एक वाक्य वाचायचो, मग ते मराठीत सांगायचो. मामाचं डोकं इंजिनात असायचं. "हां. पुढं?" एवढंच तो म्हणायचा. मामी मला कपबशीतून चहा द्यायची आणि त्या दोघांना काचेच्या ग्लासातून.

"साहेबांना बशी, आमाला शिव्या," मामेभाऊ म्हणायचा.

"तू पण वाच की मग," मामी म्हणायची.

"वाचलं असतं गं, पण ह्याच्यात चित्रं कमी हायती."

मी हसायचो. पण मला तो ग्लास हवा होता. बोटांचे काळे ठसे उमटलेला, अर्धा पिऊन टायरवर ठेवलेला ग्लास.

एक दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. त्या इंजिनाला हवा आणि पेट्रोल मिसळणारे दोन कार्बोरेटर होते आणि दोघांनी सारखा श्वास घ्यायला हवा, असं पुस्तकात लिहिलं होतं. मी ते वाचून दाखवलं. मामानं रबरी नळीचा एक तुकडा घेतला, एक टोक कानाला लावलं, दुसरं आधी एका कार्बोरेटरच्या तोंडाशी धरलं, मग दुसऱ्याच्या. स्क्रू हळूच फिरवला. पुन्हा ऐकलं. त्याचा चेहरा एकदम निवळला. त्यानं नळी मामेभावाच्या कानाला लावली. "ऐक." दोघांची डोकी एकमेकांना टेकली होती. मामेभाऊ डोळे मिटून म्हणाला, "आता जुळलं."

त्या जुळण्याबद्दलचं वाक्य मी वाचलं होतं. नळी माझ्यापर्यंत आलीच नाही. मी पान उलटलं.

पावसाळ्यात काम थांबलं, कारण आमच्याकडच्या दमट हवेत मारलेला रंग टिकत नाही. थंडी पडल्यावर मामानं तिला गडद हिरवा रंग दिला, उन्हात जवळजवळ काळा दिसणारा. रंग वाळला की तो पंज्याची मागची बाजू पत्र्यावरून फिरवायचा, कुठे खरखर लागते का बघायला.

"माझ्या पाठीवरून असा हात कदी फिरवला नाय ह्यानं," मामेभाऊ मला म्हणाला.

"तुला पॉलिश धरत नाय," मामा म्हणाला.

तेव्हा मला वाटलं होतं, निदान या गाडीच्या बाबतीत आम्ही दोघं एका बाजूला आहोत. तसं नव्हतं. थोड्या वेळानं त्याच पत्र्यावरून तोही तसाच हात फिरवत होता. बाजूला मी एकटाच होतो. आणि मला मत्सर फक्त त्या दोघांचाच नव्हता. त्या गाडीचाही होता. मी बी.ए. झालो तेव्हा मामानं पेढे वाटले, पण तो माझ्याभोवती असा फिरला नव्हता.

पुढचा पावसाळा सरता सरता गाडी पुरी तयार झाली आणि शेठजी बघायला आले. आत बसले, स्टिअरिंगवर हात ठेवला, डोळे भरून आले. मग त्यांना उठताच येईना. सीट जमिनीला टेकलेली आणि त्यांचे गुडघे गेलेले. मी आणि मामेभावानं त्यांना काखेत हात घालून वर ओढलं. ते हसले आणि म्हणाले, "मी आता हिच्या उपयोगाचा नाही. विकून टाकू."

जाहिरात इंग्रजीत लिहायचं काम माझ्याकडे आलं. ती मी मामाला मराठीत वाचून दाखवली. विकणे आहे, उघडी, दोन आसनी, संपूर्ण नव्यानं उभी केलेली, वगैरे. मामा ऐकत राहिला.

"चांगल्या घरी द्यायची हाय, असं टाक."

"मामा, जाहिरातीत असं नसतं लिहीत."

"मग नको."

मी ते वाक्य जाहिरातीत घातलं. पुण्याहून एका माणसाचा फोन आला. तो भला वाटला. दसरा झाला की कळंबच्या बंगल्यावर येऊन गाडी ताब्यात घेतो म्हणाला. म्हणजे खालापूर ते कळंब गाडी मामानं न्यायची होती, आणि तिच्यात मामाशिवाय एकाच माणसाला जागा होती.

मी स्वतःहून विचारलं नसतं. पण त्या रविवारी पुस्तकाचं शेवटचं पान वाचून झाल्यावर मामा म्हणाला, "सोडायला जाताना तू बस माझ्या बाजूला. पुस्तक तूच वाचलंस." मामेभावानं खांदे उडवले. "मी स्कूटर आणतो मागनं. साहेब गार वारा खाऊ द्या."

त्या दिवसांत मी ग्रंथालयात पुस्तकं लावताना चुकत होतो. मला फक्त ती वाट दिसत होती. चौक गावावरून कर्जत, पुढे कळंब, दोन्हीकडे पिवळं पडत आलेलं भात, बाजूला मामा, आणि बाकी कुणी नाही.

ठरलेल्या सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून पोचलो. मामीनं गाडीला हळदकुंकू लावलं, सीटवर नारळ आणि मूठभर तांदूळ ठेवले, सासरी निघालेल्या मुलीची ओटी भरावी तसे. चाकाखाली लिंबं ठेवली. मामा स्टिअरिंगशी बसला. मी दार उघडलं आणि एक पाय आत टाकला. तेवढ्यात डोंगराच्या बाजूला गडगडलं.

परतीचा पाऊस अजून गेला नव्हता. आकाश एका कोपऱ्यात काळं झालं होतं. मामीनं माझा दंड धरला.

"उतर रं. मामा-भाचे उघड्यावर, आणि वर विजा! नाय जायचं."

मामा-भाचे एकत्र दिसले की वीज त्यांच्यावर येते, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. पावसात एका झाडाखाली मामा-भाच्यानं थांबू नये, म्हणून शेतातसुद्धा त्यांना वेगळं पिटाळतात. मी पदवीधर. मामाही असल्या गोष्टी मानत नाही.

"अगं, काय पोरखेळ लावलायस," तो म्हणाला.

"तुमी मानू नका. मला नणंदेला तोंड दाखवायचंय." नणंद म्हणजे माझी आई.

मामानं आभाळाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि माझ्याकडे पाहायचं टाळलं. मामेभावानं नारळ-तांदूळ मागच्या फटीत नीट ठेवले आणि बसला. लिंबं फुटली. गाडी गेली.

मी मागून स्कूटरवर. चौकच्या पुढे लोक थांबून हात करत होते. शाळेची मुलं ओरडत होती. मामेभाऊ दोन्ही हातांनी नमस्कार करत होता, निवडून आल्यासारखा. तसे नमस्कार मला करायचे होते. आज लिहिताना लाज वाटते, पण मी मनात म्हणत होतो, इंजिन बंद पडू दे.

बंद पडलं नाही. कर्जत सोडल्यावर पाऊसच आला. मी भिजत त्यांच्यापर्यंत पोचलो तेव्हा गाडी एका टपरीशी उभी होती आणि नवं कापडी छप्पर वर ओढलेलं होतं. आत दोघं कोरडे, भजी खात होते. मामेभावानं काच नसलेल्या बाजूचा पडदा उचलला.

"आता वर छप्पर हाय. मामा-भाचे चालतील. उतरू का, साहेब?"

मामा माझ्याकडे बघत होता. पुडी त्याच्या मांडीवर होती. मला फक्त हो म्हणायचं होतं.

"नको," मी म्हणालो. "सीट ओली होईल."

खरं कारण ते नव्हतं. त्यानं उठून दिलेली जागा मला नको होती. मामानं क्षणभर वाट बघितली, मग एक भजं माझ्या हातावर ठेवलं आणि गाडी सुरू केली.

बंगल्यावर पुण्याचा माणूस आधीच आला होता. त्यानं बॉनेट उघडून बराच वेळ नुसतं पाहिलं, मामाचा हात हातात घेतला. चोक किती ओढायचा, थंड असताना काय करायचं, हे सगळं वाटेत नीट दाखवायला मामेभाऊ त्याच्याबरोबर पुण्यापर्यंत जाणार असं ठरलं. शेठजी पडवीत खुर्चीवर बसून राहिले. गाडी फाटकाबाहेर गेली, आवाज बराच वेळ येत राहिला, मग आला नाही.

मामा माझ्या स्कूटरवर मागे बसला. पुन्हा गडगडलं.

"मामा, विजा," मी म्हणालो.

"मामी कुठं हाय हितं? चल."

त्यानं माझ्या ओल्या खांद्यावर हात ठेवला. हाच तर प्रवास मला हवा होता, मामा आणि मी, दुसरं कुणी नाही. पण सगळी वाट तो गाडीबद्दलच बोलत होता. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ती तापेल का, पोरानं पाणी बघितलं असेल का. कर्जत आल्यावर तो गप्प झाला. मला वाटलं, आता माझ्याबद्दल काही बोलेल.

"तुझा पुढचा ब्रेक घासतोय," तो म्हणाला. "रविवारी आण. करून देतो."

फोनवर मामाशी बोलणं होत नाही. गॅरेजच्या आवाजात तो फक्त हां हां करतो. कॉलेजसाठी वसतिगृहात राहत होतो तेव्हा म्हणूनच मी त्याला पत्रं लिहायचो आणि मामी ती वाचून दाखवायची. बऱ्याच वर्षांनी पुन्हा एक लिहून टाकलं.

"तीर्थरूप मामास, सा. न.

मी सुखरूप पोचलो. सर्दी झाली आहे, मामीला सांगू नकोस. पण तीच हे वाचते आहे, तर मामी, काढा घेतला आहे.

मामा, तू मला शिकवलंस म्हणून हे पत्र लिहिता येतं आहे. तरी एक गोष्ट कधी लिहिली नाही ती लिहितो. मला भावाचा हेवा वाटतो. लहानपणापासून वाटतो. तो तुझ्याबरोबर गाडीखाली असायचा आणि मी स्टुलावर. तुझ्या मनात माझं भलं होतं, ते झालंही. त्याबद्दल तक्रार नाही. पण हेवा गेला नाही, आणि त्या दिवशी टपरीवर त्यानं जागा दिली तीही मला त्यामुळेच घेता आली नाही. त्याला हे वाचून दाखवलंत तरी चालेल. तो हसेल, हसू दे.

रविवारी स्कूटर आणतो. पण ब्रेक तू करायचा नाही. मी करणार. तू स्टुलावर बसायचं आणि पुढं काय ते सांगायचं. चुकलं तर त्याला देतोस तशा शिव्या मलाही द्यायच्या. मामी, मला चहा ग्लासातून दे. जुना शर्ट घालून येतो.

गॅरेजवर पत्रा आहे. पाऊस असला तरी मामा-भाच्यांना तिथे बसायला हरकत नसावी.

तुझा भाचा"