धोंड्याचा महिना आणि अलास्काचा डोंगर

आमच्या घरात तिथी मी सांगतो. शाळा चौथीत सुटली आणि पुढचं आयुष्य पिठाच्या गिरणीत गेलं, पण बोटांच्या पेरांवर महिने मोजायला वडिलांनी शिकवलं ते कायमचं. मुलगा इथे सिंगापुरात मोठ्या कंपनीत मॅनेजर आहे, सूनबाई बुओना व्हिस्टाला संशोधन करतात, नातीला मोबाइलमध्ये सगळं जग सापडतं. तरी संकष्टी कधी आहे ते बेडोकच्या या फ्लॅटमध्ये मलाच विचारतात. मला ते आवडतं. का नाही आवडणार?

म्हणून अलास्काच्या सहलीच्या बेतात जो घोळ झाला त्यात माझी चूक होती असं मी लिहिणार नाही. कसं झालं तेवढं लिहितो.

सुरुवात केली ती खालच्या मजल्यावरच्या चिनी आजीबाईंनी. आमच्या हिची आणि त्यांची दाट मैत्री. हिला मराठीशिवाय काही येत नाही आणि त्यांना चिनीशिवाय, पण ही शंकरपाळे घेऊन खाली जाते ती तासाभराने संत्री घेऊन वर येते. आजीबाई मुलांबरोबर अलास्काला जाऊन आल्या आणि हिला शेजारी बसवून त्यांनी फोनवरचे फोटो दाखवले. जहाज, बर्फाचे कडे, नदीत मासे धरणारं अस्वल. शेवटी एक डोंगर. पांढराशुभ्र, अर्धं आभाळ अडवून बसलेला, आणि त्याच्या अलीकडून जाणारी काचेच्या छताची आगगाडी.

ही वर आली, कणीक मळायला बसली आणि परातीत बघतच म्हणाली, "मला तो डोंगर बघायचाय."

मी म्हणालो, साताऱ्याला डोंगर कमी होते का? तर म्हणते, "ते बघितलेत."

आता हे नीट समजून घ्या. एवढ्या वर्षांच्या संसारात ही लग्नांना आली, बारशांना आली, दहाव्याला आली, दवाखान्यात आली. सिंगापूरलासुद्धा मुलाने बोलावलं म्हणून आली. अमुक ठिकाणी जायचंय, असं हिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होतो. मुलाने तर ते ऐकलं आणि त्याच संध्याकाळी टीव्हीवर नकाशा लावला.

बेत असा ठरला. कॅनडाच्या एका बंदरातून जहाज निघतं आणि आठवडाभर किनाऱ्याकिनाऱ्याने वर जातं. वाटेत गावं लागतात, तिथे दिवसभर उतरून काय बघायचं ते आधीच निवडून ठेवायचं. जहाज संपलं की आगगाडीने आत, डोंगराच्या पायथ्याशी मुक्काम. मुलाचं म्हणणं होतं की जूनमध्ये जाऊ, तेव्हा नातीला महिनाभर सुट्टी असते, सगळे मिळून शेवटपर्यंत राहू. मी म्हणालो, सप्टेंबर. गणपती उरकले की माणूस मोकळा होतो. मग नातीच्या सप्टेंबरातल्या आठवड्याच्या सुट्टीत मुलगा, सूनबाई आणि ती फक्त जहाजापुरती येणार आणि परत फिरणार, आणि आत डोंगराकडे आम्ही दोघं टूरवाल्यांबरोबर जाणार, असं ठरलं.

"पण आबा, गणपती ऑगस्टमध्ये नक्की ना?" मुलाने विचारलं. "फोनवर बघू का एकदा?"

मी चहाचा कप खाली ठेवला. "फोनलाच विचारायचं होतं तर मला कशाला विचारलंस?"

हिशोब सरळ होता. मागच्या खेपेला गणपती ऑगस्टच्या शेवटी बसले. सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. म्हणजे पुढच्या खेपेला ऑगस्टच्या मध्यावर. सप्टेंबर सगळा रिकामा. मुलाने बुकिंग करून टाकलं.

त्यानंतरचे दिवस फार मजेत गेले. रोज जेवणं झाली की टीव्हीसमोर सभा भरायची. एका गावात हेलिकॉप्टरने बर्फावर उतरवतात, पण त्याआधी प्रत्येकाचं वजन करतात असं कळल्यावर ही म्हणाली, चार माणसांत मी काट्यावर उभी राहणार नाही. दुसरीकडे कुत्री जुंपलेल्या गाडीत बसवतात. तेही हिने मोडून काढलं, मुक्या जनावराला ओढायला लावून आपण काय मिरवायचं. मला देवमाशांची बोट नको होती. समुद्रात जहाजावरून उतरून पुन्हा समुद्रातच जायचं, हे मला पटेना. नात इथल्या मुलांच्या बोलण्यातला 'ला' शेवटी लावून म्हणाली, "आबा, व्हेल मिस करायचा नाही ला." मग तिच्यासाठी देवमासे, माझ्यासाठी घाटातून जाणारी जुनी आगगाडी, आणि सगळ्यांसाठी ओढ्यात उलटे पोहत वर चढणारे मासे, अशी वाटणी झाली. हिला विचारलं की म्हणायची, तुम्हाला आवडेल ते घ्या, माझा डोंगर तेवढा राहू द्या.

मेथीच्या दशम्या आणि लसणीची चटणी यावर मात्र मोठं भांडण झालं. घरचं शिजवलेलं जहाजावर नेता येत नाही असं सूनबाईंनी वाचून दाखवलं. दशमीला शिजवलेलं म्हणत नाहीत, भाजलेलं म्हणतात, असं मी सांगितलं. त्यांनी पुन्हा वाचून दाखवलं. तो विषय अजून मिटलेला नाही.

मधल्या काळात मी बुटांची सवय करून घेत होतो. बर्फातले जाड बूट आणि वर लोकरीची टोपी घालून ईस्ट कोस्टला समुद्रकाठाने चालायला जायचो. सायकलवाले वळून वळून बघायचे. घामाने निथळत घरी आलो की ही पंखा लावायची आणि म्हणायची, अलास्का झालं का फिरून?

मग एके दिवशी साताऱ्याहून हिच्या बहिणीचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, म्हणून सगळ्यांनी ऐकलं. बहीण सांगत होती की जावयाला धोंड्याच्या महिन्याचं जेवण करायचंय, अनारशाचे तांदूळ आतापासूनच भिजवायच्या तयारीला लागलेय, यंदा दोन ज्येष्ठ ना.

हिने फोन ठेवला. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "अहो, अधिक महिना धरला होता का तुम्ही?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सण दरवर्षी अलीकडे सरकतात खरे, पण दोन-तीन वर्षांनी एक महिना जास्तीचा येतो आणि सगळं पुन्हा पुढे ढकलतो. त्यालाच आम्ही धोंड्याचा महिना म्हणतो. तो मला माहीत नव्हता असं कोणी म्हणू नये. मी त्याच्या आधीपासून मोजायला लागलो होतो एवढंच. नातीने तोवर फोनमध्ये बघितलंच. गणपती सप्टेंबरच्या मध्यावर. जहाज संपवून आम्ही दोघं नेमके डोंगराच्या पायथ्याशी असताना.

घरात कोणी हसलं नाही, हे मला जास्त लागलं.

आमचा गणपती दीड दिवसाचा, पण वडील गेल्यापासून तो मी बसवतो. तापात बसवला आहे, इथल्या पहिल्या वर्षी अंगाखाली गादी नव्हती तेव्हा बसवला आहे. मी नाही असा गणपती आमच्याकडे झालेला नाही. मुलगा म्हणाला, यंदा मी बसवतो. मी म्हणालो, मागच्या वर्षी आरतीच्या मध्यात तू ऑफिसचा फोन घेतलास, तू बसवू नकोस. मग मी म्हणालो, लहानशी मूर्ती जहाजावर आणि पुढे डोंगराकडे बरोबर नेऊ. तर कळलं की खोलीत निरांजन लावू देत नाहीत. जहाज पुढे-मागे करावं तर आत जाणाऱ्या गाडीच्या बाकीच्या तारखा भरलेल्या, आणि गणपती झाल्यावर डोंगराकडचे मुक्काम थंडीसाठी बंदच होतात.

तेव्हा सूनबाई म्हणाल्या, "आबा, मी बसवू?"

मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "बायका गणपती बसवत नाहीत आमच्यात," म्हणालो आणि विषय संपवला.

शेवटी मुलाने हळूच मार्ग काढला. जहाज करू, आतला प्रवास रद्द करू. सगळे एकत्र परत येऊ, चतुर्थीच्या आधी घरी पोचतो. सगळ्यांनी हिच्याकडे बघितलं.

ही मेथी निवडत होती. "चालेल," म्हणाली, आणि पुढची काडी घेतली.

त्या चालेलने माझी संध्याकाळ घालवली. हिचं चालेल मला पाठ आहे. गिरणीच्या मागच्या एका खोलीत राहू म्हटलं, चालेल. मुलीकडे बाळंतपणाला पुढच्या महिन्यात जा म्हटलं, चालेल. आतापर्यंत मी ते ऐकलं की काम झालं असं समजून पुढे जात होतो.

मी खाली उतरलो आणि हॉकर सेंटरच्या खाण्याच्या गाळ्यांत जाऊन कोपी, म्हणजे इथली गोड कॉफी, घेऊन बसलो. पलीकडच्या टेबलावर त्या चिनी आजीबाई भाताची पेज खात होत्या. मला बघितल्यावर त्यांनी चमचा खाली ठेवला, दोन्ही हातांनी हवेत मोठा डोंगर काढला आणि वर बोट दाखवून हिची खूण केली, बांगड्या वाजवल्यासारखी. मग अंगठा उंचावला. आता यावर मी काय सांगणार होतो? मीही अंगठा उंचावला. एकदा उंचावलेला अंगठा मागे घेण्याची मला सवय नाही.

वर आलो. सगळे जेवायला माझी वाट बघत होते. मी पाटावर बसलो नाही. सूनबाईंना म्हणालो, "प्राणप्रतिष्ठा पाठ आहे का?"

त्या म्हणाल्या, "तुमच्या मागे उभी राहून ऐकतेय की इतकी वर्षं."

"मागे उभं राहून येत नाही. उद्यापासून समोर बसा."

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. हिने वाढायचं थांबवलं. मी म्हणालो, बघताय काय, आतल्या प्रवासाचं रद्द करू नका, आणि आमटी वाढा. बायकांनी बसवू नये असं कुठे लिहिलंय का, असं नातीने मला विचारलं. मी म्हणालो, लिहिलेलं मी कुठे वाचतो?

तेव्हापासून आमच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी सुपारीचा गणपती बसतो. ताम्हणात तांदूळ, त्यावर सुपारी, समोर सूनबाई, आणि मी खुर्चीत. पहिल्या दिवशी त्यांनी पळी डाव्या हातात धरली. दुसऱ्या दिवशी दूर्वा उलट्या वाहिल्या. मी टोकलं की त्या पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात, चिडत नाहीत. मुलगा एकदा मध्येच येऊन म्हणाला, आबा, तिचं तुमच्यापेक्षा स्पष्ट येतं. आवाज चांगला आहे हे मी मान्य केलं. आवाज हा काही पूजेचा भाग नाही, हेही सांगितलं. पण काल त्यांनी शेवटपर्यंत केलं आणि मला टोकायला काही सापडेना. मग मी म्हणालो की घंटा जरा हळू वाजली.

मोदक करायचे ते त्यांनीच, विसर्जनाची बादली बाल्कनीत ठेवायची ती त्यांनीच, आणि नंतर ती माती तुळशीच्या कुंडीत घालायची तीही त्यांनीच. इतकी वर्षं हे सगळं त्याच करत होत्या. मी फक्त बसवत होतो.

परवा मुलाने आगगाडीच्या जागा निवडायला घेतल्या. पडद्यावर डब्याचं चित्र होतं, काचेचं छत, दोन-दोन खुर्च्या. आजीबाईंनी म्हणे फोनवर हिला ढग काढून दाखवले होते. पुष्कळदा तो डोंगर ढगांत असतो आणि लोक न बघताच परत येतात. मुलाने विचारलं, आई, एवढं जाऊन दिसलाच नाही तर?

"नाही दिसला तर तिथे बसून वाट बघेन," ही म्हणाली. मग उठून पडद्याजवळ गेली आणि चित्रातल्या एका खुर्चीवर बोट ठेवलं. "खिडकी माझी."

एसटीत, रेल्वेत, इथल्या बसमध्ये, खिडकी कायम माझी असते. मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी लोकरीची टोपी घालून बघत होतो, ती काढली.

"चालेल," मी म्हणालो.

ही वळून हसली. परतीला बदलून घेऊ, हे मी तिला गाडीत बसल्यावर सांगणार आहे.