ईर्षा, रविवारी संध्याकाळी पाच वाजता

माझ्या पहिल्या कादंबरीच्या प्रकाशनात रक्त सांडलं, आणि हे मी अलंकारिक भाषेत म्हणत नाही. टेबलावर अंथरलेली पांढरी चादर दुसऱ्या दिवशी मीच नळाखाली धरून घासली. डाग निघाले नाहीत. शेवटी फाडून तिची फडकी केली.

कादंबरीचं नाव ‘ईर्षा’. मी कोल्हापूरची, पेठेत वाढलेली, हायस्कुलात मराठी शिकवणारी बाई. बाहेरगावी ईर्षा म्हणजे मत्सर. आमच्याकडे तो शब्द तसा कुणी वापरत नाही. आमच्याकडे ईर्षा तालमीची असते, आणि तालीम म्हणजे आखाडा कमी, गल्लीचं मंडळ आणि फुटबॉलची टीम जास्त. एका तालमीने दुसऱ्या तालमीला खिजवायचं, ‘या की मैदानात’ म्हणायचं, मग फुटबॉल, मग हलगी, आणि मग पुष्कळदा दगड. ‘ईर्षेला पेटलेत’ असं कानावर आलं की दुकानदार शटर खाली ओढतात.

माझा धाकटा भाऊ आमच्या वरच्या तालमीकडून खेळायचा. विशीत होता. खालच्या तालमीबरोबर अंतिम सामना झाला, आम्ही जिंकलो, आणि मिरवणूक चौकात आल्यावर खालच्या गल्लीतली पोरं आडवी आली. मी गॅलरीतून बघत होते. दोन्हीकडून दगड सुरू झाले. त्यातला एक माझ्या भावाच्या डाव्या डोळ्यावर बसला. आवाज मला वरपर्यंत ऐकू आला. रिक्षात त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी ओढणी त्याच्या डोळ्यावर दाबून धरली होती. त्या ओढणीत काय काय आलं ते मी कादंबरीतसुद्धा लिहिलेलं नाही.

दगड कुणी मारला ते बाहेर आलं नाही. पोलिसांनी खालच्या गल्लीतली पोरं उचलली, बडवली, सोडून दिली. साक्षीला कुणी आलं नाही. भाऊ स्वतः एवढंच म्हणाला, “दिसलं न्हाय.” तेव्हापासून मी खालच्या गल्लीतल्या प्रत्येक पुरुषाचा उजवा हात बघत आले. भाजी देणारा, दूध घालणारा, पालक सभेला येणारा, कुणाचाही. हाच असेल का, तोच असेल का. वर्षानुवर्षं. माणसाला वेड लागायला एवढं पुरतं. मला वेड लागलं नाही, मी कादंबरी लिहिली.

म्हणून मला ती खपायला हवी होती. पुरस्कार, परीक्षण, साहित्य संमेलन, त्यातलं मला काही नको होतं. पुस्तक खालच्या गल्लीत घराघरात जावं, तो हात ज्याचा आहे त्याच्या हातात पडावं, आणि त्याने माझ्या दारात येऊन एकदा म्हणावं, ‘मी मारला.’ मग मी त्याचं काय केलं असतं ते मला नीट माहीत होतं, कारण मी ते रोज मनात करत होते.

भावाला विचारलं होतं. तो घराखालच्या खोक्यात, म्हणजे टपरीत, मोबाईल दुरुस्त करतो, उरलेल्या डोळ्याला भिंग लावून. मान वर न करता म्हणाला, “छाप की. माझं काय जातंय? फकस्त मला वाचायला देऊ नको.”

एका प्रकाशकाने ‘विषय फार स्थानिक आहे’ म्हणून हस्तलिखित परत केलं. दुसऱ्याने उत्तरच दिलं नाही. मग मी पदरचे पैसे घालून छापली. टेम्पो दारात आला, खोकी माझ्या कॉटखाली गेली, आणि मला पहिल्यांदा समजलं की पुस्तक लिहिणं हा सोपा भाग होता.

पुस्तकाच्या दुकानदाराने कव्हरवरचा जांभळा रंग बघितला, तो आमच्या तालमीच्या जर्सीचा, आणि म्हणाला, “बाई, हे काचेत न्हाई ठेवायचं मी. काच माझी हाय.” पुण्याच्या एका दुकानाने ठेवली. मी मोठ्या हौसेने बघायला गेले, तर ‘मनःशांती आणि व्यक्तिमत्त्व विकास’ या फळीवर, ‘रागावर विजय कसा मिळवावा’ या पुस्तकाच्या शेजारी. मत्सराचं पुस्तक समजून लावलं होतं बापड्यांनी. दत्ताच्या वाडीला एका पेढेवाल्याच्या हातापाया पडून त्याच्या फळीवर चार प्रती मांडल्या. दर्शनाहून आलेल्या बाईने एक उचलली, कपाळाला लावली आणि विचारलं, “दत्ताची पोथी हाय न्हवं?” स्टाफरूममध्ये सगळ्यांनी अभिनंदन केलं आणि सगळ्यांनी ‘सप्रेम भेट’ मागितली. एका सहकाऱ्याने तर ‘वेळ मिळाला की चाळतो’ म्हणून ती प्रत डब्याखाली ठेवली, आमटी सांडू नये म्हणून. माझे हात शिवशिवत होते. मी त्याच्या डब्याकडे बघत होते आणि तो डबा त्याच्या डोक्यात घातला तर कसा आवाज येईल याचा विचार करत होते.

अशात भावाचा जुना दोस्त घरी आला. तो भावाबरोबर एकाच टीममध्ये खेळलेला. आता त्याचं डिजिटलचं दुकान आहे. फ्लेक्सच्या फलकाला आमच्याकडे डिजिटल म्हणतात. वाढदिवस, बारसं, निवड, श्रद्धांजली, सगळं डिजिटलवर. खोकी बघून तो हसला.

“आक्का, पेठंत पुस्तक खपवायचं म्हंजे डिजिटल पायजे. कोण बघतंय पेपरात? चौकात प्रकाशन ठेवा, मी लावतो. पैसं न्हाई घ्यायचा मी.”

“तू वाचलीस का पण?”

“वाचून काय करायचंय? आपल्या घरचीच हाय की.”

मला तेव्हा त्याचं फार कौतुक वाटलं. भावाचा डोळा गेल्यापासून हा माणूस आमच्या घरी पडेल ते काम करायचा. गॅसची टाकी आणायचा, आईला दवाखान्यात न्यायचा. रविवार ठरला, पाचची वेळ ठरली, एका निवृत्त प्राचार्यांना पाहुणे म्हणून बोलावलं.

शुक्रवारी सकाळी शाळेला जाताना चौकात तो फलक बघितला आणि मी रस्त्यातच थांबले. पोरगं हाडाचं डिजिटलवालं. पंचवीस वाढदिवस केलेल्या साच्यातच त्याने माझं पुस्तक बसवलं होतं. दोन मजली जांभळा फलक, त्यावर वाघाचं तोंड, आणि माणसाएवढ्या अक्षरात ‘ईर्षा!’ त्याखाली ‘रविवारी संध्याकाळी ५ वा., चौकात’. सगळ्यात खाली, सवयीने, ‘नाद करायचा न्हाय!!’ पुस्तकाचं चित्र एका कोपऱ्यात काडेपेटीएवढं, आणि ‘कादंबरी’ हा शब्द विजेच्या खांबामागे.

मी त्याला फोन करून ओरडले. तो म्हणाला, “आता बघा की आक्का, गर्दी कशी हुतीया.”

त्यातच लीगवाल्यांनी एक सामना पुढे ढकलला आणि तो त्याच रविवारी दुपारी आला. वरची तालीम विरुद्ध खालची तालीम. माझ्या प्रकाशनाच्या आधी दोन तास.

सामना आम्ही शेवटच्या पेनल्टीवर जिंकलो. मैदानातून निघालेली खालच्या तालमीची पोरं चौकात आली तेव्हा प्राचार्य ‘मानवी मनाचे कंगोरे’ यावर बोलत होते. समोर माझ्या मावश्या, शाळेतल्या बायका आणि चहासाठी थांबलेले चार म्हातारे. गाड्यांचा आवाज आला. पुढच्या गाडीवरचा उतरला, फलकाकडे बघितलं आणि ओरडला, “कोण हाय रं ईर्षा करणारा? पाच वाजलं न्हवं? आलोय की आमी! या फुडं!”

मी माईक हिसकावून घेतला. “अरे, पुस्तक आहे ते! पुस्तकाचं नाव आहे!”

“पुस्तक? मग नाद करायचा न्हाय ते कुणाला म्हणलंय?”

तोवर मागून आमच्या तालमीची पोरं आलीच होती. पहिली खुर्ची कुणी उचलली ते मी बघितलं नाही. दुसरी बघितली, ती प्राचार्यांच्या बुडाखालून ओढलेली होती. ते शालीसकट मावशीच्या अंगावर पडले आणि उठून जे पळाले ते थेट गल्लीच्या टोकाला दिसले. माईकची काठी कुणीतरी एकाच्या पाठीत घातली. कण्हल्याचा आवाज स्पीकरमधून सगळ्या पेठेला ऐकू गेला. एकाचा दात फरशीवर पडला. आणि टेबलावर रचून ठेवलेली माझी पुस्तकं! पोरं ती उचलून एकमेकांवर भिरकावत होती. बांधीव पुस्तक कोपऱ्याने लागलं की बरंच लागतं. एकाचं कपाळ फुटलं, तो टेबलावर पालथा पडला आणि पांढऱ्या चादरीवर रक्त पसरत गेलं.

एकाने माझ्यासमोर पुस्तक मधोमध उभं फाडलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी दुसरी प्रत दोन्ही हातांनी धरली आणि त्याच्या कानशिलावर हाणली. तो खाली बसला. मी परत हाणली. इतक्या वर्षांनी खालच्या गल्लीतलं एक डोकं माझ्या हाताखाली आलं होतं आणि मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? पोलिसांच्या शिट्ट्या वाजल्या तेव्हा एका मावशीने मला मागून धरून ओढलं.

कुणीतरी हे सगळं मोबाईलवर घेतलं होतं. ‘बाईनं पुस्तकानं धुतला’ म्हणून तो व्हिडिओ सांगली, सातारा, बेळगावपर्यंत गेला. आणि पुस्तक खपायला लागलं. काचेत ठेवणार नाही म्हणणाऱ्या दुकानदाराने ते काचेत मांडलं. माणसं दुकानात येऊन विचारत, “मारामारीचं पान कुठलं?” तो पान काढून दाखवत असे.

मग ते खालच्या गल्लीत पोचलं. मला हवं होतं तसं, घराघरात. मी दुकानात उभी असताना खालच्या तालमीचा एक जण आला. मला ओळखलं नाही त्याने. दोस्तांसाठी म्हणून पाच-सहा प्रती घेतल्या. दुकानदाराने कारण विचारलं तर छाती काढून म्हणाला, “ह्यात आमची तालीम हाय. डोळा फोडलावता आमच्या पोरांनी, ते लिवलंय सगळं.” त्यांच्या ग्रुपवर ते पान स्टेटस म्हणून फिरत होतं. ज्यासाठी मान खाली जावी म्हणून मी झिजले, ते त्यांनी बिल्ल्यासारखं छातीवर लावलं. मी घरी आले आणि मोरीत जाऊन ओकले.

त्यानंतरच्या एका दुपारी डिजिटलवाला आला. हातात पुस्तक, पानात बोट. व्हिडिओमुळे त्यानेही वाचायला घेतलं होतं. दारातच उभा राहिला.

“आक्का, हे चुकीचं लिवलंय.”

“काय?”

“दगड खालच्या पोरांनी न्हाई मारला.” त्याने पुस्तक मिटलं. “मी मारलावता. त्यांच्यावर. तुमचा भाऊ मधी होता. मी वरडलो, खाली बस म्हणून. तर ह्यो वळला.”

मला पुढचं नीट आठवत नाही. त्याची कॉलर माझ्या मुठीत होती एवढं आठवतं. मी त्याला तोंडावर मारलं, कानाखाली मारलं, भिंतीवर डोकं आपटलं. ज्या हाताने गॅसची टाकी आणली, ज्या हाताने आईला धरून जिने चढवले, त्याच हाताला मी दाताने चावले. त्याने एकदाही हात वर केला नाही. मारताना मी काय ओरडत होते ते मला शेजाऱ्यांनी नंतर सांगितलं, मी ते इथे लिहिणार नाही.

आवाज ऐकून भाऊ जिना चढून वर आला. त्याने मला कमरेला धरून बाजूला केलं, दोस्ताला खुर्चीत बसवलं आणि त्याच्या नाकाला ओला रुमाल लावला. मग माझ्याकडे वळला.

“मला ठाव हाय, आक्का. तवापास्नं ठाव हाय. मीच म्हणलो त्याला, गप बस म्हणून.”

“का?”

“तू आत्ता जे केलंस ना, ते तवा सगळ्या पेठेनं केलं असतं. जित्ता सोडला नसता त्याला.”

“आणि तुझा डोळा?”

तो रुमाल पिळत होता. “मी वळलो तवा ह्योच दिसला समोर. त्या डोळ्यानं शेवटचं ह्यालाच बघितलंय. कुणाला सांगायचं व्हतं मी?”

दोस्त हुंदके देऊन रडत होता. माझी बोटं सुजली होती. भावाने चहाचं आधण ठेवलं. तीन कप काढले. मी त्यातला प्याले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदाराचा फोन आला. “बाई, आणखी प्रती पाठवा. खालच्या गल्लीत लई मागणी हाय.”

मी त्याला आवृत्ती संपली म्हणून सांगितलं आणि कॉटखालची खोकी पायाने आणखी आत ढकलली.