दिलेल्या पोरींचं दुखणं

राहुरीहून निघाले तेव्हा दारात गाडी उभी होती आणि गाडीभोवती सगळी भावकी. नानांची, म्हणजे वडिलांची, धाकटी बहीण सुरेखा आत्या कोपरगावच्या सासरहून मुद्दाम आली होती. तिनं मला एकाच हातानं जवळ घेतलं. दुसरा पदराखाली छातीशी धरलेला. मला रागच आला. पोरगी इंग्लंडला चाललीय, नीट मिठी मारायला काय झालं हिला? "तिकडं थंडी लई आसती, जपून ऱ्हा," एवढंच म्हणाली. तिला गाठ होती आणि ती कुणालाच बोलली नव्हती. वर्ष सरायच्या आत आत्या गेली.

लीड्समध्ये मी तेव्हा नवी होते. शिफ्ट, काउन्सिल टॅक्स नावाची घरपट्टी, फ्रोजन पराठे यांतच दिवस जायचा. बातमी फोनवर ऐकली, बाथरूममध्ये रडून घेतलं आणि कामावर गेले. तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर पडलेत, त्यांना हे उरकून घेतलेलं रडणं माहीत आहे.

मग माझ्याच छातीत गाठ लागली. ती साधी निघाली, पण क्लिनिकमधल्या डॉक्टरनं विचारलं, घरात कुणाला कॅन्सर? मी बेधडक नाही म्हटलं. आई ठणठणीत, मावश्या ठणठणीत. खोटं बोलत नव्हते हो. आपल्याकडे पोरगी दिली की तिचं दुखणंही सासरचं होतं. थोरली आत्या संगमनेरला अंडाशयाच्या कॅन्सरनं गेली, तेव्हा आपल्याच घरात म्हणत होते की तिला तिकडचं पाणी बाधलं. डॉक्टर मात्र चिवट होती. वडिलांना बहिणी आहेत का, असं तिनं विचारलं आणि मला सुरेखा आत्याचा पदराखालचा हात आठवला.

पुढे रक्ताच्या तपासणीत जनुकातला दोष सापडला, स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा. असलं काही आईकडूनच येतं अशी माझीही समजूत होती. ते वडिलांकडूनही येतं, आणि त्यांना स्वतःला आयुष्यभर काहीच झालेलं नसू शकतं. माझी धाकटी बहीण सोनाली, तिच्यातही तो असण्याची शक्यता निम्मी. वेळेवर कळलं तर नियमित तपासण्या करता येतात, गरज पडली तर आधीच ऑपरेशन करता येतं. आणि तिचं लग्न नुकतंच ठरलं होतं.

घरी फोन केला. "आपल्या घरात असलं कायी न्हाई," आई म्हणाली. "त्या दिलेल्या पोरी. सोनीचं लगीन हुईस्तोवर तोंड उघडू नको." मला संताप आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. लग्नानंतर सोनालीही दिलेली पोरगी होणार, मग तिची गाठ कुणाची? मी तिला परस्पर सगळं सांगून टाकलं. त्या दिवसापासून नानांनी माझा फोन घेणं बंद केलं. माझा एमआरआय, माझं ऑपरेशन करायचं की नाही, कशातच मन लागेना. सोनालीही नुसतं 'बघू' म्हणायची.

एका दुपारी नानांचाच फोन आला, पुण्याच्या लॅबबाहेरून. सोनाली आत रक्त द्यायला बसली होती. त्यांनी स्वतःचं आधी दिलं होतं.

"सोनीच्या पाव्हन्यांना सांगून आलो," ते म्हणाले. "इचार करून कळवतो म्हनले. करू दे इचार."

"लॅबमध्ये काय विचारलं?" मी म्हणाले.

"हितल्या बाईनं इचारलं, घरात कोनाला झालाय का. म्हनलं, माज्या दोनी बहिनींना. ती म्हनली, त्या सासरी हुत्या ना? म्हनलं, त्या आमच्याच." मग त्यांना रडू फुटलं. वडिलांना रडताना मी पहिल्यांदा ऐकत होते. "आता कोपरगावला जातो. सुरेखाच्या पोरीलाबी सांगाया पायजे."

सोनालीचा रिपोर्ट अजून यायचाय. पाव्हण्यांचा निरोपही नाही. फोन वाजला की हातातलं काम टाकून धावते. पण परवा इथल्या एका मैत्रिणीनं सहज विचारलं, तुझ्या घरी कोण कोण असतं? मी दोन्ही आत्यांची नावं आधी घेतली.